दात येताना : सहाण, बाळागोळी आणि आपला मधत्याग



गेल्या महिन्यात आमच्या नातवाला खालचे दोन दात आले. सात महिन्यांचा आहे. त्याआधीचे आठ-दहा दिवस घरात कुणाचीच धड झोप झाली नाही. लाळेने झबली भिजायची, हाताला लागेल ते तोंडात जायचे आणि रात्री दोनला किरकिर सुरू व्हायची. सूनबाईने मोबाईलवर हिरड्या बधिर करणारे जेल आणि गळ्यात घालायची पिवळ्या मण्यांची माळ शोधून ठेवली. मी माळ्यावरून सासूबाईंची सहाण काढली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "टाकणखाराची लाही करा आणि मधातून हिरड्यांना चोळा. दात अलगद येतात." आम्ही मध घरात आणत नाही हे त्यांना माहीत आहे, पण म्हणाल्या, "औषधाला चालतं की!"

औषधाला चालते का, हा प्रश्न डोक्यात राहिला. मी बी.कॉम. झालेली बाई, वैद्यकातले कळत नाही. पण जमेला काय आणि नावे काय एवढे मांडता येते. म्हणून दात येण्यावरच्या उपायांचा जुना हिशेब वाचायला बसले.

सगळ्यात आधी वाग्भट. त्यांच्या अष्टांगहृदयाच्या उत्तरस्थानात बाळाच्या दातांचा विषय आहे. दात येणे हे बाळाच्या अनेक दुखण्यांचे कारण आहे, असे ते म्हणतात. ताप, जुलाब, खोकला, ओकारी अशी मोठी यादी आहे. पण त्याच ठिकाणी ते असेही सांगतात की या दुखण्यांत बाळावर फार निर्बंध लादू नयेत, दात आले की ती आपोआप शमतात. तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वीचा हा सल्ला वाचून मला बरे वाटले. पण नंतरच्या लोकांनी यादी लक्षात ठेवली आणि सल्ला विसरले.

आपल्या घरातली गुटी तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. हिरडा, वेखंड, मुरडशेंग, जायफळ, हळकुंड, सुंठ, खारीक, बदाम. सहाणेवर आईच्या दुधात एकेकाचे दोन-चार वेढे. आपल्याकडे ओली हळद, ओले आले वर्ज्य, पण वाळलेले हळकुंड आणि सुंठ चालते, त्यामुळे गुटीला कधी अडचण आली नाही. दात येताना सासूबाई टाकणखाराची चिमूटभर लाही तुपातून चोळत. मध नाही, तूप. मध हा आपल्याकडे मद्य आणि मांसाच्या पंक्तीत बसतो. या तिन्हींचा त्याग श्रावकाच्या मूलगुणांतच येतो. समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंड श्रावकाचारात तो सांगितला आहे.

मग औषधाचे काय? याचे उत्तर मला आपल्याच परंपरेत सापडले. नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, उग्रादित्याचार्य नावाचे दिगंबर मुनी होऊन गेले. त्यांनी कल्याणकारक नावाचा आयुर्वेदाचा संस्कृत ग्रंथ लिहिला. मद्य, मांस आणि मध यांच्याशिवाय सगळी चिकित्सा त्यात मांडली आहे. आयुर्वेदात मध हे ठायी ठायी लागणारे अनुपान. ते सोडून पूर्ण वैद्यकशास्त्र लिहायचे म्हणजे सोपे काम नव्हे. हा ग्रंथ १९४० मध्ये आपल्या सोलापुरातून पं. वर्धमान पार्श्वनाथ शास्त्री यांनी हिंदी अनुवादासह प्रसिद्ध केला. म्हणजे "औषधाला चालतं" ही पळवाट आपल्या आचार्यांनी अकराशे वर्षांपूर्वीच नाकारली होती.

आता गंमत बघा. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात तान्ह्या बाळांच्या एका लुळेपणाच्या आजाराचा छडा लागला, त्याला बॉट्युलिझम म्हणतात. पुढे कळले की त्याचे जंतुबीज काही वेळा मधातून बाळाच्या पोटात जाते. तेव्हापासून जगभरचे डॉक्टर एक वर्षाच्या आत मध चाटवू नका असे सांगतात. मैत्रिणींनो, "बघा, आपल्या धर्माला आधीच माहीत होते" असे मी म्हणणार नाही. आपला मधत्याग पोळ्यातल्या जिवांसाठी आहे, बाळाच्या पोटासाठी नाही. दुसऱ्याला न दुखवण्याचा नियम पाळताना आपलेही बाळ वाचले, एवढेच म्हणावे. आणि टाकणखाराच्या बाबतीत तर फुशारकी नकोच. ते आपल्या सहाणेवरही होते. इंग्लंडमध्येही आया मध-टाकणखार चोखणीला लावत. त्यातल्या काही बाळांना झटके आले, तेव्हा टाकणखार अंगात साठून विषारी ठरतो हे समोर आले. तुपातून दिला म्हणून तो बदलत नाही.

त्याहून वाईट पान बाळागोळीचे आहे. अफू घातलेली ही छोटी गोळी मुंबई इलाख्यात सर्रास मिळे. कापड गिरणीत पाळीला जाणारी आई तान्ह्याला ती चाटवून निजवून जाई. शेतावर जाणारीही तेच करी. दाताची किरकिर असो की पोटदुखी, गोळी एकच. अफूच्या चौकशीसाठी १८९३ मध्ये नेमलेल्या रॉयल कमिशनसमोरही तान्ह्यांना अफू देण्याच्या या चालीचा विषय आला होता. त्या आयांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. सुट्टी नाही, पाळणाघर नाही, घरी म्हातारे माणूस नाही. त्यांनी काय करायचे होते?

आणि ज्यांच्याकडे सगळे होते त्या देशांतही हेच चालले होते. अमेरिकेत १८४९ पासून मिसेस विन्स्लोज सूदिंग सिरप नावाचे औषध दात येणाऱ्या बाळांसाठी विकले जाई. त्यात मॉर्फिन होते. १९०६ च्या कायद्याने घटक लेबलवर छापावे लागले, तेव्हा आयांना कळले. १९११ मध्ये तिथल्या डॉक्टरांच्या संघटनेने अशा औषधांना बालघातकी ठरवले. इंग्लंडमध्ये दाताच्या पावडरीत पाऱ्याचा क्षार असे. त्याने बाळांचे हातपाय गुलाबी होऊन आग होई, मुले दगावत. कारण पारा आहे हे १९४० च्या दशकात उमगले आणि १९५४ मध्ये त्या पावडरीतून पारा काढला गेला. आपल्याला ओळखीचे ग्राइप वॉटर नॉटिंगहॅमच्या विल्यम वुडवर्ड यांनी १८५१ मध्ये काढले. त्या मूळ मिश्रणात मद्यार्क होता, तो पुढे काढून टाकण्यात आला.

१८३९ साली इंग्लंड-वेल्समध्ये पाच हजारांवर मृत्यूंच्या नोंदीत कारण "दात येणे" असे लिहिले आहे. दात येऊन कुणी मरते का? बाळे मरत होती ती जुलाबाने, तापाने आणि औषधांनी. सहाव्या महिन्याच्या पुढे आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती कमी होऊ लागते, वरचे अन्न सुरू होते, बाळ रांगत जाऊन जमिनीवरचे तोंडात घालते. नेमके त्याच वेळी दात येतात. दोष दाताच्या नावावर पडतो.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. १९८७ च्या मे महिन्यात आमचा थोरला नऊ महिन्यांचा होता. त्याला जुलाब लागले. घरातल्या बायका म्हणाल्या, "दाताचं आहे, होतंच असं." मीही तेच म्हटले. दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी सकाळी लंगोट कोरडा होता, डोळे खोल गेले होते आणि रडताना अश्रू येत नव्हते. रिक्षातून दवाखान्यात नेईपर्यंत मी णमोकार सोडून काही बोलू शकले नाही. तिथे डॉक्टरांनी क्षारसंजीवनीचे पाणी चमच्या-चमच्याने पाजायला लावले. संध्याकाळी त्याने लघवी केली आणि मी भिंतीला टेकून रडले. नंतर वाचले, १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच मीठ-साखरेचे पाणी पाजून हजारो कॉलरा रुग्ण वाचवले होते. छावणीतले मृत्यूचे प्रमाण वीस-तीस टक्क्यांवरून चार टक्क्यांच्याही खाली आले.

म्हणून या खेपेला आमचा हिशेब असा ठरला. जेल नाही, २०१८ मध्ये अमेरिकेच्या औषध खात्याने दोन वर्षांखालच्या मुलांना बेन्झोकेनचे जेल लावू नका असे बजावले आहे. माळ नाही, तिचा गळफास बसतो, मणी घशात अडकतो. टाकणखार नाही. सहाण मी धुऊन, पुसून आठवण म्हणून देवघराशेजारी ठेवली. हुपरीहून आणलेल्या चांदीच्या वाळ्याचे घुंगरू सुटते आहे असे दिसल्यावर तोही काढून ठेवला.

मग केले काय? स्वच्छ धुतलेल्या बोटाने हिरड्या हलकेच चोळल्या. मऊ सुती फडक्याचे टोक उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवून, फ्रिजमध्ये थोडे थंड करून चघळायला दिले. बर्फासारखे गोठवले मात्र नाही. लाळ टिपून हनुवटीला खोबरेल तेल लावले. अंगावर पाजणे वाढवले. रात्री आळीपाळीने खांद्यावर घेतले, त्यात आजोबांचीही पाळी लावली! मोठा ताप किंवा जुलाब दिसले तर दाताचे नाव न घेता थेट डॉक्टर, हे सूनबाईने कागदावर लिहून फ्रिजवर चिकटवले.

काकूंना मी सगळे सांगितले. त्या थोड्या गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "आमच्या धाकटीला मी चोळला होता गं मध-टाकणखार." मी म्हटले, "मीही तुपातून लावलाच होता की, काकू. आपल्याला कोण सांगणार होतं?"

आता वरचे दात यायचे आहेत. खालचे आधी आले म्हणून आमचा मामा निर्धास्त आहे!

जय जिनेंद्र.