भिंतच कललेली असेल तर चित्र कसं टांगायचं?

'अमुक संग्रहालयातली अमुक चित्रं' असा विषय ठरला की आपण थेट चित्रांकडे वळतो. ती कुठल्या भिंतीवर होती, हा प्रश्न सहसा सुचत नाही. विज्ञानाच्या भाषेत सांगायचं तर इमारत आपण 'कॉन्स्टंट' धरून चालतो. हे गृहीतक तपासायचं असेल तर न्यूयॉर्कचं गुगनहाइम म्युझियम बघा.

वास्तुविशारद फ्रँक लॉइड राइट यांच्याकडे हे काम १९४३ मध्ये आलं. त्यांनी खोल्यांऐवजी एकच गोल फिरत जाणारा उतार आखला. म्हणजे जमीन उतरती, भिंत वक्र आणि वर मागे कललेली. राइट यांचं म्हणणं असं, की चित्रकार चित्र काढतो तेव्हा ईझलही मागे कललेलंच असतं. मग भिंत तशी असली तर बिघडलं कुठे?

चित्रकारांना ते पटलं नाही. १९५६ मध्ये विलेम डी कूनिंग, फ्रान्झ क्लाइन यांच्यासह २१ कलावंतांनी निषेधाचं पत्र लिहिलं. चित्र चौकोनी असतं, ते नीट पाहायला आजूबाजूला सरळ रेषा लागतात, हा त्यांचा मुद्दा. राइट एप्रिल १९५९ मध्ये गेले. म्युझियम ऑक्टोबरमध्ये उघडलं. तेव्हाचे संचालक जेम्स जॉन्सन स्वीनी यांनी मधला मार्ग काढला: भिंतीतून धातूचे दांडे पुढे काढून चित्रं त्यांवर उभी बसवली. चित्रं भिंतीपासून सुटून जणू हवेत तरंगू लागली.

वाद तिथे संपला नाही. १९७१ मध्ये दानिएल ब्यूरेन यांनी मधल्या पोकळीत पट्ट्यापट्ट्यांचं प्रचंड कापड टांगलं. आमची कामं झाकली जातात, अशी इतर काही कलावंतांनी तक्रार केली आणि उद्घाटनाआधीच ते उतरवलं गेलं. इमारत कलेवर कुरघोडी करते, हे ब्यूरेन यांना दाखवायचं होतं. पुढे १९९२ मध्ये शेजारी सरळ भिंतींच्या दालनांचा मनोरा उभा राहिला.

आता यात आपल्या कामाचं काय? सगळं सुरळीत असतं तेव्हा कागद फारसे तयार होत नाहीत. भांडण झालं की पत्रं लिहिली जातात, दांडे बसवले जातात, नवे नकाशे निघतात. इमारत आणि कला जिथे एकमेकांना घासतात, तिथेच पुरावा सापडतो.

करून बघण्यासारखं एक काम सांगतो. २०१४ मध्ये याच म्युझियममध्ये नागपुरात जन्मलेल्या वासुदेव गायतोंडे यांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं. त्याची छायाचित्रं मिळवा आणि चित्रांआधी भिंती बघा. वक्र की सरळ? चित्र भिंतीला टेकलंय की सुटं आहे? उजेड कुठून येतोय? मग विचारा: असं का ठरवलं असेल?

एवढ्यावरून संशोधनाचा पहिला प्रश्न तयार होतो.