गुन्हेगार तुरुंगात, पाठीराखा रोममध्ये!

धर्मसंस्थेत लैंगिक अत्याचार उघडकीला आला की सगळी चर्चा एका ‘विकृत’ माणसाभोवती फिरते. त्याला शिक्षा झाली की संस्था पुन्हा पवित्र ठरते. आम्हाला ही मांडणी मान्य नाही. अमेरिकेतल्या बोस्टन शहराचा इतिहास वेगळेच सांगतो.

जॉन गेगन हा तिथला कॅथलिक पाद्री. सुमारे तीस वर्षांत त्याने अत्याचार केल्याचे आरोप १३० हून अधिक लोकांनी केले. गरीब, एकट्या आईच्या घरातली मुले तो हेरायचा. १९८२ मध्ये एका कुटुंबातील स्त्रीने कार्डिनलना पत्र लिहून जाब विचारला होता. १९८४ मध्ये बर्नार्ड लॉ बोस्टनचे आर्चबिशप झाले. त्यांच्याच एका बिशपने गेगनबद्दल लेखी इशारा दिला. तरीही गेगन १९९३ पर्यंत चर्चमध्ये पाद्री म्हणून राहिला. पोलिसांत तक्रार देण्याऐवजी त्याची बदली व्हायची, उपचार व्हायचे आणि पीडितांशी गुपचूप तडजोड केली जायची.

जानेवारी २००२ मध्ये ‘बोस्टन ग्लोब’ने चर्चचीच कागदपत्रे छापली आणि हे सारे जगासमोर आले. गेगन तुरुंगात गेला. डिसेंबरमध्ये लॉ यांना राजीनामा द्यावा लागला. २००३ मध्ये ५५२ पीडितांना साडेआठ कोटी डॉलर्स देण्याचे ठरले. मग लॉ यांच्यावर खटला? नाही! चर्चच्या नेतृत्वाला सगळे माहीत होते, असे राज्याच्या महाधिवक्त्यांचा अहवाल सांगतो. पण तेव्हाच्या कायद्यात त्यांना पकडता येईना. अशा अत्याचाराची माहिती देण्याचे बंधन पाद्र्यांवर २००२ पर्यंत नव्हतेच. २००४ मध्ये व्हॅटिकनने लॉ यांना रोममधल्या सांता मारिया माज्योरे या महत्त्वाच्या चर्चचे प्रमुखपद दिले.

हे वाचून कोणी ख्रिस्ती समाजाविरुद्ध द्वेष पसरवू नये. पीडित मुलेही श्रद्धाळू कॅथलिक घरांतलीच होती, आणि चर्चला जाब विचारणाऱ्यांत सर्वात पुढे तीच माणसे होती. प्रश्न धर्माचा नाही, जाब न देणाऱ्या सत्तेचा आहे. ‘संस्थेची बदनामी होईल’ हे वाक्य विहारात, वसतिगृहात, संघटनेतही ऐकू येऊ शकते.

आपल्याकडे कायदा स्पष्ट आहे. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार बालकावरील अत्याचाराची माहिती पोलिसांना देणे बंधनकारक आहे. हाताखालच्या माणसाचा गुन्हा संस्थाप्रमुखाने कळवला नाही, तर कलम २१ नुसार त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. बोस्टनमध्ये जे कलम नव्हते, ते आपल्या हातात आहे.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी राजकारणातल्या व्यक्तिपूजेचा धोका सांगितला होता. तोच इशारा संस्थांनाही लागू आहे. म्हणून मित्रांनो, उद्या आपल्याच एखाद्या आदरणीय माणसाविरुद्ध एखादे लेकरू बोलले, तर पहिला फोन संघटनेच्या अध्यक्षाला नको, १०९८ ला करा.

जय भीम!