परंपरा नावाची जुनी फॅशन

आषाढी वारीत पुण्याहून निघालेल्या ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या हडपसरला एकमेकींचा निरोप घेतात. एक दिवे घाटाकडे वळते, दुसरी सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरची वाट धरते. त्या दिवशी रस्त्याच्या कडेला उभे राहिले की पांढऱ्या टोप्या, धोतरे आणि नऊवारी लुगडी यांचा लोंढा दिसतो. आणि शेजारचे कोणीतरी हमखास म्हणते, ‘हाच आपला खरा पारंपरिक पोशाख!’ या ‘पारंपरिक’ शब्दाची थोडी चिकित्सा करावीशी वाटते.

टोपीचेच पाहा. विसाव्या शतकाच्या आरंभी पुण्यातील प्रतिष्ठित पुरुष पगडीने ओळखला जाई. खेड्यात पागोटे वा मुंडासे असे. ७ ऑक्टोबर १९०५ रोजी पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली आणि अंगावरचे कापड हा राजकीय मताचा विषय ठरला. १९२० च्या असहकार आंदोलनाबरोबर गांधी टोपी पसरली. ती तेव्हा नवी होती आणि सरकारच्या डोळ्यांत खुपणारी होती. पुढे तीच शेतकऱ्याची आणि वारकऱ्याची ओळख बनली. बंडाची खूण दोन-तीन पिढ्यांत परंपरा झाली.

पुरुषांच्या पोशाखातील पुढचे बदल तुलनेने बिनबोभाट झाले. कचेरीने कोट-पाटलोण आणली, साठ-सत्तरच्या दशकांनी टेरिलीन, टेरिकॉट आणि बेलबॉटम. हडपसर परिसरात कारखाने उभे राहिले, तेव्हा यंत्रापुढे धोतर चालणारे नव्हते. शेतकऱ्याच्या मुलाने पँट घातली. तिला ‘प्रगती’ म्हटले गेले.

स्त्रियांच्या बाबतीत मात्र प्रत्येक बदलाला परवानगी लागली. गंमत अशी की १९११ च्या ‘संगीत मानापमान’मधील भामिनी साकारणाऱ्या बालगंधर्वांचे नेसणे आणि दागिने पाहून घराघरांतल्या स्त्रिया त्यांचे अनुकरण करू लागल्या. स्त्रीने कसे दिसावे याचा आदर्श एका पुरुष नटाने घालून दिला! पण स्त्रीने स्वतः कासोटा सोडून गोल पातळ नेसले, तेव्हा पांढरपेशा घरांत सकच्छ-विकच्छाचा वाद पेटला. दुसऱ्या महायुद्धात कापडाची टंचाई झाली, १९४३ मध्ये कापडावर नियंत्रण आले. कमी वारांचे पातळ खिशालाही सोयीचे होते. शाळा, कचेरी, बस यांनी उरलेले काम केले. शेतात राबणाऱ्या बाईने मात्र नऊवारी सोडली नाही, कारण वाकताना, चालताना कासोटाच सोयीचा होता. तिच्यासाठी तो कामाचा पोशाख होता.

सुमारे वीस वर्षांपूर्वी मी अध्यापनाला सुरुवात केली, तेव्हा एका ज्येष्ठ सहकारी बाईंनी मला बजावले होते, ‘शिक्षिकेला साडीच शोभते, पंजाबी ड्रेस नको.’ ज्या सहावारीची त्या कैवार घेत होत्या, तिलाच त्यांच्या आजीच्या पिढीने ‘हे काय नेसणे!’ म्हणून नाक मुरडले असेल, हे त्यांच्या ध्यानात नव्हते. माझ्या ध्यानातही ते तेव्हा आले नाही. मी निमूटपणे साडी नेसून चार तास उभ्याने शिकवत राहिले.

आज गाडीतळावर सकाळी एकाच थांब्यापाशी नऊवारीतली भाजीवाली, सहावारीतल्या मुख्याध्यापिका आणि मगरपट्ट्यातील कंपनीकडे निघालेली जीन्समधली मुलगी उभी असते. विद्यार्थ्यांना मी एवढेच सुचवते : कथा-कादंबऱ्या, आत्मचरित्रे वाचताना पोशाखाचे वर्णन ओलांडून पुढे जाऊ नका. तो कोणी निवडला आणि त्यासाठी कोणाला जाब द्यावा लागला, हे तेथेच थांबून विचारा.