नवउद्यम-साहाय्य, आयआयटी मुंबईतील

मुंबईत पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेत (आयआयटी मुंबई, स्थापना १९५८) विद्यार्थी व प्राध्यापक यांच्या संशोधनातून उद्योग उभे राहावेत यासाठी उभारलेली व्यवस्था. तिचा मुख्य आधार ‘सोसायटी फॉर इनोव्हेशन अँड आंत्रप्रेन्युअरशिप’ (साइन) ही २००४ मध्ये स्थापन झालेली नोंदणीकृत संस्था होय. विद्यार्थ्यांचा उद्योजकता कक्ष (ई-सेल), उद्योजकता शिकवणारे देसाई सेठी स्कूल, वैद्यकीय उपकरणांसाठीचे ‘बेटिक’ हे केंद्र आणि पेटंट व सल्लासेवेचे काम पाहणारे औद्योगिक संशोधन व सल्ला केंद्र (आयआरसीसी) हे या व्यवस्थेचे इतर घटक आहेत. महाराष्ट्रातील विद्यापीठांत पुढे निघालेल्या अशा केंद्रांपुढे पवईचे उदाहरण होते, म्हणून त्याची नोंद येथे विस्ताराने घेतली आहे.

पूर्वपीठिका : संस्थेतून १९६७ मध्ये पदवी घेऊन अमेरिकेत गेलेले उद्योजक कंवल रेखी यांच्या देणगीतून १९९८ मध्ये माहिती तंत्रज्ञानाचे स्वतंत्र स्कूल सुरू झाले. पुढच्याच वर्षी त्या स्कूलच्या इमारतीत माहिती तंत्रज्ञान कंपन्यांसाठी प्रायोगिक इनक्युबेटर (नव्या कंपन्यांना जागा व साहाय्य देणारे केंद्र) उघडण्यात आला. विद्यार्थ्यांचा ई-सेल आणि त्याची ‘युरेका’ ही व्यवसाय-आराखड्यांची स्पर्धा यांची सुरुवातही १९९८ चीच. त्या काळात नवा उद्योग म्हणजे सॉफ्टवेअर, असाच समज होता. ‘साइन’मुळे ही चौकट मोडली आणि यंत्र, विमानविद्या, रसायन, जैवविज्ञान अशा सर्व विभागांना दार खुले झाले. संस्थेच्या इतिहासातील हा निर्णय सर्वांत महत्त्वाचा मानावा लागेल, कारण नंतर नाव मिळवलेले बहुतेक उद्योग सॉफ्टवेअरबाहेरचे आहेत.

कार्यपद्धती : अर्जदाराने आपली कल्पना तज्ज्ञ समितीपुढे मांडायची, निवड झाल्यास करार होतो आणि साधारणतः तीन वर्षांपर्यंत बसायला जागा, प्रयोगशाळांचा वापर, कायदा व हिशेबाबाबत सल्ला, अनुभवी मार्गदर्शक आणि काही प्रमाणात बीजभांडवल मिळते. मोबदल्यात ‘साइन’ शुल्क व कंपनीच्या भागभांडवलातील लहान हिस्सा घेते. निधीचा मोठा भाग केंद्र सरकारकडून येतो. विज्ञान व तंत्रज्ञान विभागाच्या ‘निधी’ कार्यक्रमातील ‘प्रयास’ योजनेत नमुना तयार करण्यासाठी १० लाख रुपयांपर्यंत, तर जैवतंत्रज्ञान क्षेत्रासाठी बायरॅक या केंद्र सरकारच्या संस्थेच्या ‘बिग’ योजनेत ५० लाखांपर्यंत अनुदान मिळू शकते. या रकमा फार मोठ्या नाहीत. खरा आधार असतो तो उपकरणांचा. जे सूक्ष्मदर्शक किंवा चाचणी-यंत्र विकत घेणे नव्या कंपनीला अशक्य, ते शेजारच्या विभागात असते आणि ते चालवणारा तंत्रज्ञही तिथेच असतो.

प्राध्यापकांचे उद्योग : जैवविज्ञान व जैवअभियांत्रिकी विभागाचे प्राध्यापक राहुल पुरवार यांनी ‘इम्युनोअॅक्ट’ ही कंपनी २०१८ मध्ये स्थापन केली. कर्करोगावरील कार-टी पेशी उपचार भारतात तयार करणे हा तिचा हेतू होता. या उपचारात रुग्णाच्या रक्तातून टी-पेशी वेगळ्या काढतात, निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या वाहकाने त्यांत एक जनुक घालतात आणि त्यामुळे पेशीच्या पृष्ठभागावर ‘सीडी१९’ ओळखणारा ग्राही तयार होतो. या पेशींची संख्या प्रयोगशाळेत वाढवून त्या त्याच रुग्णाच्या शिरेतून परत सोडल्या जातात. मग त्या सीडी१९ धारण करणाऱ्या बी-पेशींना, त्यांत बी-पेशींच्या रक्ताच्या व लसिका ग्रंथींच्या कर्करोगातील पेशींनाही, गाठून मारतात. औषध प्रत्येक रुग्णासाठी वेगळे बनते. त्यामुळे पेशी वाढवणारी प्रयोगशाळा आणि रुग्णाच्या उशाशी बसलेला डॉक्टर यांच्यात रोजचा संपर्क लागतो. आयआयटीत कर्करोगाचे रुग्णालय नाही. ही उणीव कर्करोगावर उपचार करणाऱ्या टाटा स्मारक केंद्राने भरून काढली. पहिल्या रुग्णाला जून २०२१ मध्ये नवी मुंबईतील खारघर येथे, या केंद्राच्या अॅक्ट्रेक संस्थेत, उपचार मिळाला. माणसांवरील पहिल्या चाचण्यांसाठी जैवतंत्रज्ञान विभाग व बायरॅक यांनी १९.१५ कोटी रुपये मंजूर केले होते. लॉरस लॅब्ज या औषध कंपनीने २०२१ मध्ये गुंतवणूक केली.

केंद्रीय औषध नियामकाने ऑक्टोबर २०२३ मध्ये ‘नेक्सकार१९’ या नावाने उपचाराला मान्यता दिली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पवईतच त्याचे लोकार्पण झाले. भारतात विकसित झालेला हा पहिला कार-टी उपचार. चाचण्यांचे निष्कर्ष २०२५ मध्ये ‘लॅन्सेट हिमॅटॉलॉजी’त प्रसिद्ध झाले, त्यांत एकूण प्रतिसादाचे प्रमाण ७३ टक्के होते. इतर उपचार थकलेल्या रुग्णांमधला हा आकडा आहे, हे लक्षात घेतले की त्याचे मोल कळते. अमेरिकेत पहिल्या कार-टी उपचाराची किंमत २०१७ मध्ये ४,७५,००० डॉलर होती. येथील खर्चाबद्दल ३० ते ५० लाख रुपये असे वेगवेगळे आकडे दिले जातात. तो परदेशाच्या मानाने कितीतरी कमी असला तरी सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात अजून आलेला नाही.

यंत्र अभियांत्रिकीचे प्राध्यापक शशिकांत सूर्यनारायणन यांनी विद्यार्थ्यांसह २००७ मध्ये स्थापन केलेली ‘सेडेमॅक’ इंजिनांचे इलेक्ट्रॉनिक नियंत्रक बनवते. तिचे कामकाज पुण्यात चालते. विमानविद्या विभागाच्या संगणकीय प्रवाहगतिशास्त्राच्या कामातून ‘झ्यूस न्यूमेरिक्स’ ही कंपनी निघाली.

विद्यार्थ्यांचे उद्योग : सर्वांत प्रसिद्ध उदाहरण ‘आयडियाफोर्ज’चे. अंकित मेहता, राहुल सिंह, आशिष भट या विद्यार्थ्यांनी २००७ मध्ये कंपनी स्थापन केली. सुरुवातीला ते हाताने फिरवून चालवायचा मोबाईल चार्जरही बनवत होते. चार पंख्यांच्या मानवरहित विमानावर त्यांचे लक्ष केंद्रित झाले ते नंतर. ‘थ्री इडियट्स’ (२००९) या चित्रपटात दिसणारे उडते यंत्र याच कंपनीचे. संरक्षण संशोधन व विकास संघटनेच्या (डीआरडीओ) पुण्यातील दिघी येथील अभियांत्रिकी प्रयोगशाळेबरोबर तिने ‘नेत्र’ हे टेहळणीचे यान तयार केले आणि २०१३ च्या उत्तराखंड प्रलयात अडकलेल्यांचा शोध घेण्यासाठी ते वापरले गेले. लष्कराने जानेवारी २०२१ मध्ये कंपनीच्या ‘स्विच’ या मानवरहित यानांसाठी सुमारे २ कोटी डॉलरचे कंत्राट दिले. ७ जुलै २०२३ रोजी कंपनीचे समभाग बाजारात नोंदले गेले. ६७२ रुपयांना विकलेला समभाग त्या दिवशी १,३०० रुपयांच्या आसपास उघडला. स्थापनेपासून बाजारापर्यंत सोळा वर्षे लागली, आणि त्यातली पहिली बरीच वर्षे देशात या यंत्रांना ग्राहक मोजकेच होते. ‘साइन’चा आसरा उपयोगी पडला तो नेमका त्याच वर्षांत.

वैद्यकीय उपकरणे : ‘बेटिक’ची स्थापना २०१४ मध्ये प्रा. बी. रवी यांच्या पुढाकाराने व महाराष्ट्र शासनाच्या राजीव गांधी विज्ञान व तंत्रज्ञान आयोगाच्या साहाय्याने झाली. नागपूरचे व्हीएनआयटी आणि पुण्याचे सीओईपी या अभियांत्रिकी संस्थांतही त्याची केंद्रे निघाली. डॉक्टरांकडून अडचण समजून घ्यायची आणि मगच अभियंत्यांनी आराखड्याला हात घालायचा, असा येथे दंडक आहे. ‘मेडिक’ या शिबिरांत डॉक्टर, अभियंते व विद्यार्थी काही दिवस एकत्र बसून नमुने बनवतात. येथून निघालेल्या ‘आयुडिव्हाइस’ कंपनीच्या डिजिटल स्टेथोस्कोपमुळे हृदयाचे व फुप्फुसाचे आवाज ब्लूटूथवरून दूरवर ऐकता येतात. करोनाच्या साथीत संरक्षक पोशाखातील डॉक्टरांना कानात नळ्या घालणे अवघड व धोक्याचे होते, तेव्हा त्याचा लाभ झाला.

अध्यापन : भरत देसाई व नीरजा सेठी यांच्या देणगीतून २०१४ मध्ये उद्योजकता केंद्र निघाले; पुढे त्याचेच देसाई सेठी स्कूल झाले. तेथे बी.टेक.च्या विद्यार्थ्यांना उद्योजकता हा दुय्यम विषय म्हणून घेता येतो.

पेटंट व परवाने : हे काम आयआरसीसीकडे आहे.

नियम : केंद्रीय मनुष्यबळ विकास खात्याने (आताचे शिक्षण खाते) २०१९ मध्ये विद्यार्थी व शिक्षकांसाठी राष्ट्रीय नवसंशोधन व स्टार्टअप धोरण जाहीर केले. त्यानुसार संस्था आपल्या नवउद्यमात २ ते ९.५ टक्के हिस्सा घेऊ शकते. शिक्षकाला उद्योगासाठी रजा आणि विद्यार्थ्याला सत्राची किंवा वर्षाची सुट्टी मिळू शकते. स्वतःच्या उत्पादनाचे काम अंतिम वर्षाचा प्रकल्प म्हणून दाखवता येते. संस्थेच्या वार्षिक अर्थसंकल्पाचा किमान १ टक्का या कामासाठी ठेवावा, अशीही शिफारस आहे. सार्वजनिक पैशातून झालेल्या संशोधनाचा नफा कोणाला किती मिळावा आणि प्राध्यापकाच्या कंपनीत त्याचेच विद्यार्थी काम करत असतील तर त्यांच्या हिताचे रक्षण कोणी करावे, याबाबत मतभेद आहेत. धोरणाने हितसंबंधांच्या संघर्षाचे नियम करण्याची जबाबदारी संस्थांवर सोडली आहे.

राज्य विद्यापीठे : महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ (अंमल १ मार्च २०१७ पासून) याने नवोपक्रम, नवसंशोधन व साहचर्य यांसाठी मंडळाची तरतूद केली. पुणे, मुंबई, जळगाव इत्यादी विद्यापीठांत अशी केंद्रे सुरू आहेत. मात्र वर उल्लेखिलेल्या कंपन्यांपैकी बहुतेकींच्या मागे वर्षानुवर्षे चाललेली एखादी प्रयोगशाळा आणि ती चालवणारा पूर्णवेळ प्राध्यापक आहे. राज्य विद्यापीठांत प्राध्यापकांची अनेक पदे दीर्घकाळ रिक्त आहेत. ती भरली जात नाहीत तोवर तेथील इनक्युबेशन केंद्रे कार्यशाळा व स्पर्धा घेत राहतील, पण संशोधनातून उद्योग उभा करणे त्यांना साधणार नाही.