स्वराच्या माथ्यावरील बिंदू

गायन ही कंठाची विद्या. ती कागदावर उतरविण्याचें काम विसाव्या शतकाच्या प्रारंभीं दोन महाराष्ट्रीय पंडितांनीं अंगावर घेतलें. पं. विष्णु दिगंबर पलुसकर (१८७२–१९३१) यांनीं १९०१ सालीं लाहोरास गांधर्व महाविद्यालय स्थापिलें, पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनीं ‘क्रमिक पुस्तकमालिके’चे सहा भाग सिद्ध केले. दोघांनींही आपापली स्वरलिपि रचिली.

परंतु चिन्हें जुळलीं नाहींत. स्वराच्या माथ्यावरील बिंदू भातखंडे-पद्धतींत तार सप्तक दाखवितो, तर पलुसकर-पद्धतींत मंद्र. शून्य पहिलींत तालाची ‘खाली’ दाखवितें, दुसरींत अर्धी मात्रा. अमरावती-अकोल्याच्या एखाद्या घरीं पेटीपाशीं पुस्तक उघडून बसलेल्या विद्यार्थ्यानें दोहोंची गल्लत केली, तर त्याचा सूर दोन सप्तकें चुकेल. आणि सांगावयास गुरु जवळ नसेल.

पलुसकरांनीं प्रत्येक स्वराखालीं त्याचें कालमान मांडलें. त्यांत नेमकेपणा खरा. पण ओळ चिन्हांनीं भरून जाते. भातखंड्यांनीं जणूं मजलेच पाडले: मथळ्याशीं राग व ताल, मग स्वर, त्यांखालीं गीताचीं अक्षरें, सर्वांत खालीं तालाच्या खुणा. मींड दाखविणारी कमान स्वरांच्या वर, एका मात्रेंतील स्वर जोडणारी कमान खालीं. कोणती सूचना कोठें शोधावी, हें डोळ्यांस लवकर कळतें. गाणाऱ्याचें लक्ष सुरावर राहतें. हीच लिपि पुढें अधिक रुळली.

तेव्हां पुस्तक हातीं घेतांच प्रथम चिन्हांचें कोष्टक पाहावें. षड्ज मागाहून लावावा.