डासांच्या कॉइलचं फूल

लहानपणी लोडशेडिंगच्या रात्री एकमेकींत गुंतलेल्या दोन कासव छाप कॉइल न मोडता सोडवायचं काम माझ्याकडे असे. एक तरी तुटायचीच, आणि मग आजीची बोलणी. ही वस्तू अस्सल आपल्याकडची, अशी माझी पक्की समजूत. पीएचडीसाठी जपानात आलो आणि पहिल्याच उन्हाळ्यात दुकानात तीच हिरवी कॉइल दिसली. चौकशी केली तर तिचं माहेरच इथलं निघालं!

वाकायामा भागात एइइचिरो उएयामा नावाचा संत्र्यांच्या बागायतदाराच्या घरातला तरुण होता. १८८६ साली त्याला एका अमेरिकन माणसाकडून पायरेथ्रमचं बी मिळालं. दिसायला पांढरी शेवंतीच, मूळची आजच्या क्रोएशियाच्या किनाऱ्यावरची. तिच्या वाळलेल्या फुलांची पूड किडे मारते हे युरोपात ठाऊक होतं. पण डासांसाठी ती भुशात मिसळून निखाऱ्यावर टाकायची, आणि भर उन्हाळ्यात घरात शेगडी कोण सोसणार? म्हणून १८९० च्या सुमारास त्याने उदबत्ती काढली. ती ४० मिनिटांत संपे. लांब केली तर मोडणार, जाड केली तर धूर फार. वेटोळं करा, हे म्हणे त्याच्या बायकोला, युकीला सुचलं. १९०२ साली कॉइल बाजारात आली. (आमच्या लॅबमध्ये यावर तीन मीटिंगा झाल्या असत्या.)

फुलातलं पायरेथ्रिन किड्याच्या मज्जातंतूंतली सोडियमची दारं उघडीच ठेवतं, त्यामुळे किडा थरथरून पडतो. माणसाचं शरीर ते लवकर मोडून टाकतं. उन्हातही ते भराभर विरतं. निसर्गाला हे सोयीचं, पण शेतात फवारणाऱ्याला नाही.

दुसऱ्या महायुद्धाआधी या फुलांच्या उत्पादनात जपान जगात पहिला होता. पण श्टाउडिंगर आणि रुझिच्का यांनी १९२४ साली पायरेथ्रिनच्या रेणूची रचना छापली होती, आणि १९४९ मध्ये अमेरिकेत त्याचा कृत्रिम भाऊ अ‍ॅलेथ्रिन तयार झाला. मग फूल पिकवायचं कशाला? केनियाच्या डोंगराळ भागातल्या छोट्या शेतकऱ्यांनी ते पुढे बरीच वर्षं जगाला पुरवलं, नंतर टास्मानिया पुढे आला. इथले मळे मात्र गेले.

मे महिन्यात इन्नोशिमा बेटावर गेलो होतो. समुद्राकडे उतरणारा पांढराशुभ्र मळा, खास पाहुण्यांसाठी राखलेला. मीही फोटो काढले. घरी येऊन कॉइलचं खोकं वाचलं. घटक, अ‍ॅलेथ्रिन. फूल होतं, चित्रात.