पियानोवादन : लहान हातांसाठी तंत्र व शिक्षण

पियानोच्या सात पांढऱ्या पट्ट्यांचे सप्तक सुमारे १६५ मिमी रुंद असते. यवतमाळ जिल्ह्यात भजनी मंडळापासून शाळेच्या प्रार्थनेपर्यंत सुरांची ओळख होते ती पेटीवर. तिथे डावा हात भात्यावर गुंतलेला असतो, उजवा बहुधा एकेरी सुरावट वाजवतो. त्यामुळे पंजा लहान असल्याची अडचण क्वचितच जाणवते. पियानोकडे वळल्यावर मात्र षड्ज आणि तार षड्ज हे दोन्ही सूर एकदम दाबावे लागतात आणि ती उघडी पडते. यावर बोटे ताणण्याचे व्यायाम सुचवले जातात, पण ते चुकीचे आहे: हाडांची लांबी सरावाने वाढत नाही, ताठ मनगट मात्र दुखावते. अंगठा व करंगळी सूर दाबताच पंजा सैल सोडणे, रुंद स्वरसमूह खालून वर झरझर उलगडणे, एखादा सूर दुसऱ्या हाताकडे देणे, हे खरे उपाय. याने मूळ रचना बिघडते, हा आक्षेप काही ठिकाणी रास्तच आहे. पण तिथे दोष हाताचा नसून पट्ट्यांच्या मापाचा आहे. पियानोवादक योझेफ हॉफमनसाठी स्टाइनवे या पियानो कंपनीने अरुंद पट्ट्यांचे पियानो बनवले होते. आज १४० मिमी सप्तकाचे पट्टीफलकही मिळतात. लहान हातांच्या पियानोवादिका आलिसिया दे लारोचा यांनी तर नेहमीच्याच पियानोवर जागतिक कीर्ती मिळवली.